दातांत धरलेला टॉर्च

मागच्या महिन्यात कुलंग गडाच्या पायऱ्या उतरताना मी सुनंदाबाईंवर ओरडलो. चारचौघांत ओरडलो, आणि जो शब्द तोंडातून गेला तो या स्मरणिकेत छापता येणार नाही. सुनंदाबाई शाळेत शिकवतात. त्यांच्यावर त्यांचे हेडमास्तरसुद्धा आवाज चढवत नसतील. त्या रडल्या नाहीत की उलट बोलल्या नाहीत. घोटीच्या स्टँडवर चहा हातात आल्यावर मात्र म्हणाल्या, "काका, एवढं काय झालं होतं? टॉर्चच तर धरला होता दातांत."

मी चहा तसाच ठेवला आणि एसटीत जाऊन बसलो.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी निवृत्त हवालदार, आडनाव पगारे. सैन्यात लाइनमन होतो. म्हणजे पहाडात टेलिफोनची केबल टाकायची आणि तुटली की जाऊन जोडायची. आता नाशिकला इंदिरानगरात राहतो, एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीचं काम बघतो आणि रविवारी आपल्या गिरिभ्रमण मंडळाबरोबर डोंगर चढतो. मंडळात सगळे मला तोंडावर काका म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

आपले सेक्रेटरी कुलकर्णी परवा घरी आले. म्हणाले, "काका, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा. कमी खर्चात हेडलॅम्प कसा निवडावा. नव्या मेंबरांना उपयोग होईल. आणि जरा लष्करी वळण द्या, लोकांना आवडतं."

लष्करी वळण पाहिजे. ठीक आहे, देतो. पण आधी कामाचं.

दिवा कपाळावर हवा. हातात नको, काखेत नको, गळ्यात लोंबता नको आणि दातांत तर नकोच नको. माणसाला हात दोनच असतात आणि डोंगरात ते दोन्ही डोंगराला लागतात. हे ज्याला पटत नाही त्याने तपोवनात फिरायला जावं, तिथे रस्त्यावर दिवे आहेत.

कुलंगच्या आधी मंडळासाठी हेडलॅम्प घ्यायचं ठरलं, तेव्हा मी आणि कुलकर्णी पहिल्यांदा मेन रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने काचेच्या कपाटातून डबी काढली. आत मखमलीवर हेडलॅम्प निजवलेला.

"इंपोर्टेड आहे, काका. दोन फर्लांगावर झोत जातो."

"दोन फर्लांगावर माझं कोण आहे?" मी म्हटलं. "मला माझा बूट दिसला पाहिजे."

दिवा डोक्याला बांधला आणि बुटाची लेस बांधायला वाकलो. झोत समोरच्या दुकानातल्या बाहुलीच्या तोंडावर पडला. दिवा खाली वळतच नव्हता. दुसऱ्यांदा वाकलो तेव्हा पट्टा घसरून नाकावर आला. सेल कोणते लागतात विचारलं तर म्हणाला, "स्पेशल लागतात. मुंबईला मिळतात." मी विचारलं, कुलंगवर सेल संपले तर मुंबईला जाऊन यायचं का. त्याने डबी मिटली आणि कुलकर्ण्यांकडे बघून कसनुसा हसला.

मग भद्रकालीत गेलो. तिथे रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ शेतकऱ्यांसाठी हेडलॅम्प जोडून देतात. कपाळावर रुंद पट्टा, त्यावर वाटीएवढा दिवा, डोक्यामागून पाठीवर उतरणारी वायर आणि कमरेला सेलचा डबा. रात्री कांद्याला पाणी द्यायला जाणारे लोक घेतात. दिसायला अगदी गबाळा. पण दिवा खालीवर वळतो, आणि जिथे वळवला तिथे राहतो. बटण मोठं, ओल्या बोटाने दाबता येतं. वायर मागून जाते, त्यामुळे फांदीत अडकून तोंडावर ओढली जात नाही. सेल साधे, घोटीच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे. वजन कमरेला, म्हणून मान भरून येत नाही. मी डोक्याला बांधून त्यांच्या दुकानात उठाबशा काढल्या. लेस बांधली. झोत गाठीवर पडला. पसंत.

एक जादा बल्ब कापसात गुंडाळून खिशात ठेवा. जुने सेल आणि नवे सेल एकत्र घालू नका. घरी आल्यावर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि डबा खराब होतो. हेडलॅम्प निवडण्याची विद्या एवढीच आहे. महागडा दिवा घेऊन कुणी चांगला चढत नाही.

असे सहा हेडलॅम्प मंडळाने घेतले. बरं झालं. आणि पुढे काय केलं? कपाटात ठेवले. वर्धापनदिनाला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते त्यांचं वाटप व्हायचं होतं, म्हणून तोवर वापरायचे नाहीत असं ठरलं. कुलंगला निघायच्या आदल्या दिवशी मी कपाटाची किल्ली मागितली. कुलकर्णी म्हणाले, "काका, पट्ट्यांना घाम लागेल. पाहुण्यांच्या हातात मळकी वस्तू द्यायची का? टॉर्च आहेत ना सगळ्यांकडे."

उतरायला उशीर झाला. कुलंगच्या पायऱ्यांवर दिवस मावळला. सुनंदाबाईंचे दोन्ही हात खडकाला आणि टॉर्च दातांत. त्या थांबल्या आणि खालच्या बाईंना काहीतरी सांगायला लागल्या. पायरी तुटली आहे, डावीकडे सरका, असं काहीतरी असणार. ऐकू आलं ते फक्त "अं, अं". खालच्या बाई हसल्या. मी हसलो नाही. मी ओरडलो.

आता लष्करी वळण.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं युनिट उत्तरेकडच्या पहाडात होतं. युनिटचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की दोष तेवढ्यांचा होतो आणि बाकीचे सुटतात. मी तेव्हा नाईक होतो. माझ्या लाइन पार्टीकडे एक्स्चेंजपासून वरच्या पोस्टपर्यंतची केबल होती. रोज सकाळी टेस्ट कॉल. लाइन थ्रू, म्हणजे चालू, असली तर चहा. नसली तर प्लायर, टेप, फील्ड टेलिफोन घ्यायचा आणि केबल हातातून सोडत फॉल्ट सापडेपर्यंत चालायचं. कधी बर्फाने तुटायची, कधी दगडाने, कधी खेचराच्या पायाने.

जॉइंट करायला दोन्ही हात लागतात. टोकं सोलायची, गाठ मारायची, तारा पिळायच्या, वरून टेप. हातमोजे काढूनच करावं लागतं. मग अंधार पडल्यावर उजेड कुणी धरायचा? लाइनमनचं उत्तर ठरलेलं होतं. टॉर्च दातांत. थंडीत लोखंड ओठाला चिकटतं आणि कातडी घेऊन निघतं, म्हणून टॉर्चच्या बुडाला टेप गुंडाळायची. नवा माणूस पार्टीत आला की सिनियर पहिल्या दिवशी त्याच्या हातात टेपचं रीळ द्यायचा आणि म्हणायचा, टॉर्च बांध. आम्हाला त्याचा मोठा अभिमान होता. टेपवर ज्याच्या दातांच्या खुणा खोल तो पक्का लाइनमन. आज तो अभिमान आठवला की माझं डोकं फिरतं.

माझ्या पार्टीत लान्स नाईक रंगनाथ होता. येवल्याचा. घरी पैठणीचे माग, वडील विणकर, हा लहानपणापासून रेशमाच्या तुटलेल्या तारा जोडून मोठा झालेला. त्याने केलेला जॉइंट बोटाला लागायचा नाही. बोलणं कमी आणि हळू. चारचौघांत मला उस्ताद म्हणायचा, दोघंच असलो की भाऊ. माझा जॉइंट बघून एकदा म्हणाला, "भाऊ, ही काय गाठ हाय? बैल बांधायचाय का याला?"

त्याच्या पुढच्या एका दाताचा टवका उडाला होता. टॉर्चनेच.

त्या वर्षी आमच्यासाठी चार हेडलॅम्प आले. लाकडी खोक्यात, पेंढ्यात गुंडाळून. स्टोअर सांभाळणाऱ्या सुभेदारसाहेबांनी आम्हाला बोलावून दाखवले. रंगनाथने एक कपाळाला बांधून पाहिला. दोन्ही हात पुढे करून बोटं हलवली आणि बोटांवर उजेड पडलेला बघत राहिला. मला म्हणाला, "सुटलो भाऊ. दात वाचले."

सुभेदारसाहेबांनी दिवा परत घेतला, काच फडक्याने पुसली आणि खोक्यात ठेवला. "इन्स्पेक्शन के बाद."

सिव्हिलमधल्या लोकांना हे समजावून सांगावं लागेल. इन्स्पेक्शनला सगळं सामान कांबळ्यावर मांडतात. दोरी धरून रांग सरळ करतात. त्याला लेआउट म्हणतात. त्यासाठी प्रत्येक जवानाकडे दोन मग असायचे, एक चहा प्यायचा आणि एक दाखवायचा. दाखवायच्या मगात कुणी कधी चहा प्यायला नाही. दाढीचा ब्रश दोन. मोजे दोन जोड, त्यातला एक कधी पायात गेलेला नाही. मगाचं ठीक आहे, मगाने कुणी मरत नाही. पण सवय एकदा लागली की माणूस मगावर थांबत नाही.

इन्स्पेक्शन दोन दिवसांवर आलं होतं. दुपारच्या जेवणानंतर वरच्या पोस्टची लाइन मेली. वायरलेसवर नुसती खरखर, तुटक शब्द कळत होते. त्यातून एवढं समजलं की पोस्टवरच्या एका जवानाचा श्वास अडकतो आहे, ओठ निळे पडलेत. औषधाची पेटी वर होती, पण पेटीतलं काय द्यायचं आणि किती द्यायचं ते सांगायला डॉक्टर खाली. डॉक्टर कॅप्टनसाहेब एक्स्चेंजमध्ये येऊन बसले. मला म्हणाले, "लाइन चाहिए, पगारे. वायरलेस पे डोस नहीं बता सकता. गलत सुना तो मर जाएगा."

माझ्या पार्टीतले दोघं रजेवर होते, एक तापाने पडलेला. मी आणि रंगनाथ निघालो. काम करता करता अंधार पडणार हे उघड होतं. निघायच्या आधी मी स्टोअरमध्ये गेलो. कांबळी पसरली होती. चारही हेडलॅम्प रांगेत, पट्ट्याची घडी एकसारखी.

"साहब, दो बत्ती दे दीजिए. सुबह वापस."

"लेआउट लग गया है, पगारे."

"साहब, नाले में काम है. अंधेरा हो जाएगा."

"टॉर्च नहीं है क्या?"

"है, साहब."

"फिर?"

मी पुन्हा मागितले. साहेबांनी मान हलवली. "एक चीज़ उठी तो पूरी लाइन बिगड़ती है. परसों के बाद जितनी चाहे ले जाना." बाहेर रंगनाथ ओरडून सांगत होता की डॉक्टरसाहेब निघायला सांगतायत. आम्ही निघालो.

फॉल्ट नाल्यात सापडला. तिथे वाट कड्याच्या कडेने जाते, खाटेएवढी रुंद. मध्ये एक खोल घळ, तिच्यातून वरून दगड येतात. केबल घळीतच तुटली होती आणि वरच्या बाजूचं टोक खाली लोंबत होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा अजून संधिप्रकाश होता. रंगनाथने दोराचं एक टोक खडकाला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला. मी घळीत उतरलो, लोंबतं टोक पकडलं आणि त्याच्या पायाखाली आलो. टोक वर दिलं. केबलला ताण बसू नये म्हणून मी खालून दोन्ही हातांनी ती उचलून धरली. तो वर वाटेवर गुडघ्यांवर बसून जॉइंट करायला लागला. तेवढ्यात अंधार झाला.

त्याने टॉर्च पेटवून दातांत धरला. मला खालून फक्त त्याची बोटं दिसत होती आणि टॉर्चच्या मागे त्याचा चेहरा. बोटं चालू होती. वर कुठेतरी एक खडा वाजला. रंगनाथने मान वर केली. झोत माझ्या डोक्यावरून घळीत वर गेला. त्याने काय पाहिलं ते मला दिसलं नाही. त्याला दिसलं.

दातांत टॉर्च धरलेल्या माणसाला ओरडता येत नाही. ओरडायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की उजेड पडतो. विचार करायला त्याला वेळ नव्हता. त्याने तोंड उघडलं.

"भाऊ, भिंतीला लाग!"

टॉर्च खडकावर आपटला, माझ्या खांद्याजवळून गरगरत खाली गेला आणि विझला. मी घळीच्या भिंतीला चिकटलो. दगड माझ्या पाठीमागून गेले. एक पिशवीला लागला, बाकी नाही. दुसरी लाट वाटेवर आली. वरती कड्यात एक कपार होती, येताना आम्ही तिच्यात उभं राहून चपाती खाल्ली होती. रंगनाथ तिकडे निघाला असणार. मला त्याच्या बुटांचा आवाज आला. दोन पावलं वाजली. तिसरं वाजलं नाही.

"रंगनाथ!"

दगड थांबले. धुळीचा वास येत होता. मी पुन्हा हाक मारली. मग दोर धरून वर चढलो आणि रांगत, हातांनी चाचपत वाट तपासली. वाटेवर कुणी नव्हतं. केबल हाताला लागली. जॉइंट पूर्ण होता, वरची टेप फक्त राहिली होती.

मी फील्ड टेलिफोन जोडला आणि हँडल फिरवलं.

"एक्स्चेंज."

"पगारे. लाइन थ्रू है. पहले डॉक्टर साहब को पोस्ट दो."

"दे रहा हूँ. और कुछ?"

"लान्स नाईक रंगनाथ नाले में गिरा है. आदमी भेजो. बत्ती भेजो."

"कौन सी बत्ती?"

"जो कंबल पे पड़ी है, वो."

डॉक्टरसाहेबांनी त्या लाइनवरून डोस सांगितला. वरचा जवान वाचला. त्याचं नाव मला माहीत आहे, पण त्याचा यात काही संबंध नाही, म्हणून लिहीत नाही. मी वाटेवर बसून राहिलो आणि दर थोड्या वेळाने खाली हाक मारत राहिलो.

मग कड्याच्या वळणावर चार दिवे आले. चार माणसं, चौघांच्या कपाळावर उजेड, चौघांचे हात मोकळे. ती माणसं भराभर चालत होती, एकमेकांना आवाज देत होती, दोर सोडत होती. काय सुरेख उजेड होता तो! प्रत्येक दगड दिसत होता. कपारही दिसली. रंगनाथच्या जागेपासून तीन पावलांवर होती. मला आयुष्यात इतका राग कधी आला नाही. समोर शत्रू असता तर तो राग कुठेतरी लागला तरी असता. तिथे शत्रू नव्हता. आमचीच माणसं, आमचेच दिवे.

रंगनाथ घळीच्या तळाशी सापडला. डोक्याला मार होता. लगेच गेला असेल, असं डॉक्टरसाहेब म्हणाले. टेपचं रीळ त्याच्या बोटात तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला निरोप दिला. त्याच दिवशी ते चार हेडलॅम्प धुऊन, पुसून परत कांबळ्यावर गेले. पट्ट्यांवर चिखल होता, तो ब्रशने काढला. मी स्वतः पाहिलं.

इन्स्पेक्शनला आलेले मोठे साहेब लेआउटसमोरून चालत गेले. हेडलॅम्पपाशी थांबले, एक उचलला, उलटसुलट पाहिला. "व्हेरी गुड. बिल्कुल नया रखा है." सुभेदारसाहेब ताठ झाले. साहेब पुढे आमच्या रांगेत आले आणि माझ्यासमोर थांबले.

"कोई तकलीफ?"

याचं उत्तर ठरलेलं असतं. नहीं साहब. मी म्हटलं, "है, साहब. वो बत्ती हमारे सिर के लिए आई थी. परसों शाम रंगनाथ के सिर पर होती, तो आज वो मेरे बाजू में खड़ा होता."

आमच्या कंपनी कमांडरसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. मोठ्या साहेबांनी हातातला हेडलॅम्प कांबळ्यावर ठेवला. सवयीने रांगेत सरळ ठेवला. मग त्यांच्याच लक्षात आलं असावं. त्यांनी तो पुन्हा उचलला आणि माझ्या हातात दिला. "आज से ये लाइन पार्टी के पास रहेंगी."

नंतर मला कंपनी ऑफिसमध्ये उभं करून बरंच ऐकवलं. तक्रार वरिष्ठांमार्फत करायची असते, वगैरे. माझी हवालदारी त्यामुळे लांबली असं लोक म्हणाले. लांबली तर लांबली.

सुभेदारसाहेब संध्याकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, "मैंने अपने लिए नहीं रखी थी, पगारे." खरं होतं ते. प्रामाणिक माणूस. स्टोअरमधला एक खिळा घरी नेला नसेल त्याने. त्याने ते दिवे चोरून विकले असते तर मला कमी राग आला असता. चोराला निदान वस्तूचा उपयोग तरी कळतो.

सुनंदाबाई, मी तुमच्यावर ओरडलो ते चुकीच्या माणसावर ओरडलो. ओरडायला हवं होतं कुलकर्ण्यांवर आणि मंडळाच्या समितीवर, ते इथे ओरडतो. वस्तू नवी दिसावी म्हणून माणसाला अंधारात पाठवणारे लोक वाईट नसतात, टापटिपीचे असतात. त्यांच्यासमोर बोलायची सोय नसते, कारण सगळं जागच्या जागी असतं. समितीने हे पान गाळलं तर मी ते हाताने लिहून मंडळाच्या दारावर चिकटवीन. पाहुण्यांना मळका पट्टा चालत नसेल तर पाहुणे बदला.

त्या इन्स्पेक्शननंतरच्या रजेत मी येवल्याला गेलो. नाशिकहून एसटी, सगळी वाट कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे. रंगनाथच्या घरी पुढच्याच खोलीत माग होता. वडील मागावर बसले होते. पदरावर मोर विणत होते, अर्धा झाला होता. मला बघून उठले नाहीत. बसा म्हणाले. आई आतल्या दाराशी बसली. मी पिशवीतून त्याच्या वस्तू काढून दिल्या. वडिलांनी त्या बघितल्या आणि बाजूला ठेवल्या.

बोलता बोलता लाइट गेली. दिवस होता, पण खोलीत अंधारून आलं. त्यांचा हात जिथे होता तिथे थांबला.

"कंदील लाव गं," ते म्हणाले.

आईने कंदील लावून मागावर टांगला. त्यांनी वात वर करून घेतली. तरी हात पुढे सरकवला नाही.

"साहेब लोक आलते," ते म्हणाले. "म्हणले, अंधार व्हता, हवा खराब व्हती. पगारे, तुमी व्हता ना तिथं? उजेड नव्हता का?"

"होता," मी म्हटलं.

"मंग?"

मी सगळं सांगितलं. खोकं, कांबळं, लेआउट. काही वगळलं नाही. संपल्यावर त्यांनी अर्ध्या मोरावर बोट ठेवलं.

"अंधारात येक तार चुकली तर हा मोर वाया जातो. म्हणून दिवा लागल्याबिगर आमी हात लावत नाय." पदराची कडा बोटाने सरळ केली. "साडी हाय ही, पगारे. साडी."

 

आई दारातून म्हणाली, "पडताना वरडला का हो तो? मला कुनी सांगंना."

"पडताना नाही ओरडला," मी म्हटलं. "त्याच्या आधी ओरडला. भाऊ, भिंतीला लाग, म्हणाला."

"मोठ्यानं?"

"लय मोठ्यानं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "कधी आवाज चढवला नाय त्यानं घरात," ती म्हणाली. मग उठून माझ्याजवळ आली, माझ्या खांद्याला, पाठीला, दोन्ही हातांना हात लावून बघितला, कुठे काही लागलं तर नाही ना म्हणून.